सीवीडमध्ये आर्सेनिक आहे, हो, पण कोणतं?

गेल्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड आलं. समुद्री शेवाळात पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपेक्षा हजारो पट आर्सेनिक असतं, मुलांना कोरियन स्नॅक्स देऊ नका, कॅन्सर होतो, वगैरे. वहिनीचा लगेच फोन आला, कारण माझी भाची कोथरूडच्या सुपरमार्केटमधून शेवाळाच्या त्या भाजलेल्या, पातळ, पापडासारख्या शीट्सची पाकिटं आणते आणि अभ्यास करता करता संपवते. आणि योगायोग म्हणजे त्याच संध्याकाळी शेजारच्या काकूंनी जिन्यात गाठून विचारलं, "अगं, थायरॉइडसाठी केल्पच्या, म्हणजे समुद्री शेवाळाच्याच, गोळ्या मागवल्यात ऑनलाइन, नॅचरल आहेत, सुरू करू ना?" म्हणजे जिथे घाबरायचं फारसं कारण नाही तिथे घरातली झोप उडालेली, आणि जिथे खरंच थांबून विचारायला हवं तिथे बाटलीचं सील फोडायची तयारी. मी अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते, त्या दोघींना जे फोनवर आणि जिन्यात अर्धवट सांगितलं ते इथे नीट लिहितेय.

## आर्सेनिक म्हणजे आपल्या आज्यांचा सोमल

नाव परकं वाटलं तरी वस्तू आपल्या भाषेत फार जुनी आहे. सोमल म्हणजे आर्सेनिकचंच पांढरं विष. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक मिळून झालेलं पिवळं खनिज, पूर्वी पोथीत चुकलेल्या अक्षरांवर ते फासायचे, "हरताळ फासणे" तिथूनच आलं. आर्सेनिक जमिनीत, खडकात, समुद्राच्या पाण्यात सगळीकडे थोडं थोडं असतंच, कुणी कारखान्यातून सोडलं नाही तरी असतं.

ते शरीरात वर्षानुवर्षं गेलं तर काय होतं हे पश्चिम बंगाल आणि बांगलादेशानं फार मोठी किंमत मोजून जगाला दाखवलंय. १९८३ मध्ये कोलकात्यात त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे अंगावर काळे-पांढरे ठिपके आणि तळहात-तळपाय खरखरीत, गाठीगाठींचे झालेले खेड्यातले पेशंट यायला लागले, आणि कारण निघालं ट्यूबवेलचं पाणी. दिसायला स्वच्छ, चवीला गोड पाणी. असं पाणी दहा-वीस वर्षं पोटात गेलं की त्वचेचा, फुप्फुसाचा, मूत्राशयाचा कॅन्सर होऊ शकतो, हातापायांना मुंग्या येतात, हृदयाच्या रक्तवाहिन्यांवरही परिणाम होतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेनं पाण्यासाठी मर्यादा घातलीय लिटरला १० मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक.

तेव्हा आर्सेनिकची भीती खोटी नाहीये. प्रश्न एवढाच की शेवाळातलं आर्सेनिक आणि बंगालच्या विहिरीतलं आर्सेनिक एकच का.

## बिब्बा आणि गोडंबी

बिब्बा तुम्हाला माहीत असेल. त्याचं तेल अंगाला लागलं तर उततं, फोड येतात, आणि त्याच बिब्ब्याच्या आतली गोडंबी आपण डिंकाच्या लाडवात घालतो, बाळंतिणीला कौतुकानं खायला देतो. झाड एक, फळ एक, पण कुठला भाग आणि कुठल्या रूपात यावर सगळं ठरतं. आर्सेनिकचं बरंचसं तसंच आहे.

रसायनशास्त्रात त्याचे दोन मोठे गट पडतात. एक असेंद्रिय आर्सेनिक, म्हणजे कार्बनशी न जोडलेलं. बंगालच्या पाण्यातलं हेच, आणि कॅन्सर करतं म्हणून पक्कं सिद्ध झालंय तेही हेच. दुसरं सेंद्रिय आर्सेनिक, म्हणजे कार्बनच्या साखळीत बांधलेलं. मी पुढे सोयीसाठी पहिल्याला मोकळं आणि दुसऱ्याला बांधलेलं म्हणते.

माशांमध्ये जे आर्सेनिक असतं ते जवळजवळ सगळं बांधलेलं, आणि त्याचा जो मुख्य प्रकार आहे तो आपल्या शरीरात काही न करता लघवीवाटे जसाच्या तसा निघून जातो. सुरमई-बांगडा खाणाऱ्यांनी आर्सेनिकच्या नावानं धास्ती घ्यायचं कारण नाही. शेवाळात मात्र वेगळा प्रकार असतो, तिथे आर्सेनिक साखरेच्या रेणूला बांधलेलं असतं.

## शेवाळात ते शिरतंच कसं

सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन डिलिव्हरी कंपनीचा टी-शर्ट बघून पोरांना आत सोडतो, प्रत्येकाचं ओळखपत्र बघत बसत नाही. शेवाळाच्या पेशीचं तसंच होतं. तिला वाढायला फॉस्फेट लागतं, आणि समुद्राच्या पाण्यातल्या आर्सेनिकचं एक रूप हुबेहूब फॉस्फेटसारखं दिसतं, तोच आकार, तोच विद्युतभार, म्हणजे टी-शर्ट तोच. पेशीचं दार त्याला आत घेतं. आत आल्यावर पेशीच्या लक्षात येतं म्हणा, की हा काम बिघडवणारा आहे, मग ती त्याला पायरीपायरीनं साखरेला बांधून टाकते, म्हणजे त्याचा उपद्रव कमी होतो. वर्षभर समुद्राचं पाणी गाळत राहणारी ही वनस्पतीसारखी वस्तू, त्यामुळे पाण्यात आर्सेनिक अगदी किंचित असलं तरी शेवाळात ते साठत साठत पाण्याच्या हजारो पट होतं.

बहुतेक खाण्याची शेवाळं हे बांधायचं काम नीट करतात. एक जात करत नाही.

## ती एक जात: हिजिकी

२००४ मध्ये ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेनं बाजारात मिळणारे पाच प्रकार तपासले: नोरी, वाकामे, कोम्बू, अरामे आणि हिजिकी. एकूण आर्सेनिक पाचही प्रकारांत निघालं, किलोला १८ ते १२४ मिलिग्रॅम. पण मोकळं, म्हणजे विषारी, फक्त हिजिकीत सापडलं, आणि तेही किलोला ६७ ते ९६ मिलिग्रॅम. संस्थेनं सरळ सांगितलं की हिजिकी खाऊ नका. कॅनडानं त्याआधीच, २००१ मध्ये, असाच सल्ला दिला होता.

हिजिकी म्हणजे काळ्या, सुकलेल्या चहापत्तीसारख्या बारीक काड्या, भिजवल्या की चांगल्या फुगतात, जपानी जेवणात गाजर-सोयाबीनबरोबर साइड डिश असते. कोरियन दुकानात तिचं नाव तोत. शास्त्रीय नाव सरगॅसम फ्युझिफॉर्मे, लेबलवर यातलं काहीही दिसलं तर ती हीच.

आणि सुशीला गुंडाळलेली, किंवा भाची खाते ती भाजलेली शीट? ती नोरी, कोरियन नाव गिम. के-ड्रामात वाढदिवसाला जे सूप करतात त्यातलं शेवाळ मियॉक म्हणजे वाकामे. या दोन्ही हिजिकी नव्हेत. वहिनीचा निम्मा प्रश्न इथेच सुटला.

## मग ते "हजारो पट" कुठून आलं

आकडा खोटा नाहीये, म्हणून तर लोक फसतात. नोरीत एकूण आर्सेनिक किलोला २५ मिलिग्रॅम धरा. पाण्याची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. भागाकार केला की २५००. झालं फॉरवर्ड तयार.

यात दोन घोटाळे आहेत. पहिला म्हणजे पाण्याची मर्यादा मोकळ्या आर्सेनिकच्या धोक्यावरून ठरलीय कारण पाण्यात तेच असतं, आणि शेवाळाचा आकडा मोकळं आणि बांधलेलं सगळं मिळून आहे. स्वारगेटहून सुटलेल्या बसमध्ये ६० माणसं आहेत एवढंच सांगितलं तर त्यात पाकीटमार किती हे कळतं का? साधी लॅब टेस्ट एवढंच सांगते, ६० माणसं. कोण कोण आहे हे बघायला आधी सगळ्यांना वेगवेगळं करणारी आणि मग मोजणारी टेस्ट लागते, ती महाग आहे आणि सगळ्या लॅब करत नाहीत.

दुसरा घोटाळा वजनाचा. पाणी आपण दिवसाला दोन-तीन लिटर पितो, नोरी कुणी किलोनं खात नाही. एक छोटं पाकीट साधारण ५ ग्रॅम. त्यात मोकळं आर्सेनिक अगदी किलोला ०.३ मिलिग्रॅम धरलं तरी पाकिटामागे दीड मायक्रोग्रॅम होतात. मर्यादेतलं, म्हणजे पूर्ण कायदेशीर, चांगलं पाणी दोन लिटर प्यायलं तर त्यातून २० मायक्रोग्रॅमपर्यंत जाऊ शकतं.

आता तेच गणित हिजिकीचं करून बघा. सुकी ५ ग्रॅम, किलोला ७० मिलिग्रॅम, उत्तर ३५० मायक्रोग्रॅम, आणि सगळं मोकळं. त्या दोन लिटर पाण्याच्या सतरा-अठरा पट. एकाच कपाटात शेजारी शेजारी ठेवलेली दोन पाकिटं, दोन्हीवर "सीवीड" लिहिलेलं, आणि दोन्हींत इतका फरक. मला या सगळ्यात सर्वात जास्त खटकतं ते हेच, की "सीवीड" हा शब्दच आपल्याला काही सांगत नाही, जसं नुसतं "पान" म्हटल्यावर विड्याचं की धोतऱ्याचं ते कळत नाही.

## पण जपानी लोक तर पिढ्यान्‌पिढ्या खातात

खातात, आणि दीर्घायुषीही आहेत. पण हिजिकी ते थोडी आणि कधीमधी खातात. जपानच्या आरोग्य मंत्रालयानं ब्रिटनचा इशारा आल्यावर २००४ मध्येच हिशेब मांडला की ५० किलोच्या माणसानं भिजवलेली हिजिकी रोज सतत ४.७ ग्रॅमहून जास्त खाल्ली तरच तेव्हाची मर्यादा ओलांडली जाते, सरासरी खाणं त्याहून बरंच कमी आहे. पण ज्या आंतरराष्ट्रीय मर्यादेवर तो हिशेब बसवला होता ती पुढे २०१० मध्ये तज्ज्ञ समितीनंच मागे घेतली, कारण तेवढ्यावरही धोका दिसत होता. म्हणून "जपानी खातात" हे उत्तर पुरत नाही. शिवाय त्यांच्या घरात ती शिजवायची रीत ठरलेली आहे, आपण पाकीट आणून सॅलडवर भुरभुरवणार, यात फरक पडतो.

हिजिकीत लोह खूप म्हणून खावी असंही सांगतात. त्याची गंमत म्हणजे जपानच्या सरकारी पोषण तक्त्यात पूर्वी १०० ग्रॅम सुक्या हिजिकीत ५५ मिलिग्रॅम लोह लिहिलेलं असायचं, २०१५ मध्ये नव्यानं तपासलं तर स्टीलच्या भांड्यात उकळलेल्या हिजिकीत निघालं ६.२. आधीचं लोह शेवाळातलं नव्हतंच फारसं, ज्या लोखंडी कढईत उकळायचे त्या कढईतलं होतं. आपल्याकडे आजी लोखंडी कढईत पालेभाजी करते ना, तेच. तेव्हा लोहासाठी हिजिकी आणायची गरज नाही, कढई माळ्यावरून खाली काढा.

## भिजवून, उकळून निघून जातं का

बरंचसं जातं, कारण मोकळं आर्सेनिक पाण्यात विरघळतं. साधं भिजवून पाणी टाकलं तर साधारण निम्मं, भिजवून मग उकळून तेही पाणी ओतून दिलं तर ९० टक्क्यांच्या आसपास. ते पाणी आमटीत, सुपात वापरलं तर काहीच उपयोग नाही.

पण ३५० मधले ९० टक्के गेले तरी ३५ उरले, म्हणजे दोन लिटर पाण्याच्या मर्यादेपेक्षा अजून जास्तच. वर्षातून दोनदा कुठल्या जपानी मित्राकडे जेवायला गेलात आणि ताटात आली तर काही बिघडत नाही. रोजच्या खाण्यात मात्र नकोच, आणि लहान मुलांना तर मुळीच नको, त्यांचं वजन कमी म्हणून तेवढंच आर्सेनिक त्यांना किलोमागे जास्त पडतं.

कोकणात भात वेळतात, म्हणजे भरपूर पाण्यात शिजवून वरची पेज काढून घेतात, त्याचाही असाच फायदा आहे. कारण तांदळातही मोकळं आर्सेनिक असतं, सर्वसाधारण किलोला ०.१ मिलिग्रॅम धरलं तर दीडशे ग्रॅम तांदळातून १५ मायक्रोग्रॅम. म्हणजे भाचीच्या पाकिटापेक्षा तिच्या वरणभातातून दहापट जास्त जातं! वहिनीला हे सांगितलं तेव्हा ती एकदम गप्प झाली, मग म्हणाली आता भात पण बंद करू का. नाही हो, भात बंद करायचा नाहीये. भरपूर पाण्यात शिजवून पाणी काढलं तर थोडं कमी होतं, आणि ताटात भाताबरोबर भाकरी-पोळी असतेच, एवढं पुरे.

## "ऑरगॅनिक लिहिलंय की पाकिटावर"

हा शब्दांचा गोंधळ आहे आणि मराठीत तर जास्तच, कारण दोन्हीला आपण सेंद्रिय म्हणतो. पाकिटावरचं सेंद्रिय म्हणजे रासायनिक खत-फवारणी न वापरता वाढवलेलं. आर्सेनिकच्या बाबतीतलं सेंद्रिय म्हणजे कार्बनला बांधलेलं. एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही. सर्टिफाइड ऑरगॅनिक हिजिकीतलं आर्सेनिकही बहुतेक असेंद्रियच असतं, समुद्राला कुणी खत घातलेलं नसतंच.

## बांधलेलं आहे म्हणजे शंभर टक्के बिनधोक?

इथे मला "हो" म्हणता येत नाही. माशातल्या प्रकाराबद्दल शास्त्रज्ञ निर्धास्त आहेत, पण शेवाळातलं साखरेला बांधलेलं आर्सेनिक आपल्या शरीरात गेल्यावर तसंच राहत नाही, त्याचे तुकडे होतात, त्यातला मुख्य तुकडा आपलं यकृत मोकळ्या आर्सेनिकची विल्हेवाट लावताना बनवतं तोच असतो. तो मोकळ्या आर्सेनिकपेक्षा खूप सौम्य, पण अगदी निरुपद्रवी म्हणून त्याला दाखला मिळालेला नाही. कुणाच्या शरीरात किती तुकडे होतात हेही माणसागणिक बदलतं, आणि यावरचा अभ्यास तांदूळ-पाण्याच्या मानानं थोडा आहे.

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांमध्ये नॉर्थ रोनाल्डसे नावाचं छोटं बेट आहे. तिथल्या लोकांनी १८३२ मध्ये बेटाभोवती दगडी भिंत बांधून मेंढ्यांना गवताच्या बाहेर, किनाऱ्यावर ठेवलं, तेव्हापासून त्या मेंढ्या मुख्यतः शेवाळावर जगतात. शास्त्रज्ञांनी तपासलं तर त्यांच्या पोटात रोज प्रचंड आर्सेनिक जातं, जवळजवळ सगळं बांधलेलं, आणि त्याचे तुकडे लघवीतून बाहेर पडतात. तितकं मोकळं आर्सेनिक पोटात गेलं असतं तर कळप उरला नसता. हे दिलासा देणारं आहे, पण मेंढी ती मेंढी, सत्तर वर्षं जगणाऱ्या माणसाच्या कॅन्सरबद्दल तिच्यावरून ठरवता येत नाही. म्हणून मी म्हणेन नोरी आठवड्यातून दोन-चारदा खा, आनंदानं खा, रोज वाटीभर नको.

## काकूंच्या गोळ्या

मला खरी काळजी याची आहे. केल्प म्हणजे मोठ्या तपकिरी शेवाळांचा गट, कोम्बू त्यातलाच. गोळीत पावडर असते, पाकिटावर जात लिहिलेली असेलच असं नाही, आणि स्नॅक कधीतरी खातात पण गोळी रोज, महिनोन्‌महिने खातात, त्यामुळे जे काही असेल ते रोज पोटात जातं.

त्याहून मोठी गोष्ट आर्सेनिकची नाहीच, आयोडीनची आहे. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं, आणि आपण आयोडीनयुक्त मीठ रोज खातोच. सुक्या कोम्बूच्या एका ग्रॅममध्ये २००० मायक्रोग्रॅमहून जास्त आयोडीन असू शकतं. ज्यांचा थायरॉइड आधीच कुरकुरतोय त्यांच्यात एवढा मारा झाला तर तो आणखी मंदावू शकतो किंवा उलट भडकू शकतो, आणि डॉक्टरांना पत्ताच नसतो की पेशंट काय घेतोय, ते आपले गोळीचा डोस बदलत बसतात. काकूंना सांगितलं की सील फोडू नका, पुढच्या तपासणीला बाटली पर्समध्ये घालून घेऊन जा आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.

"पण आर्सेनिकचं औषध असतंच की" असंही काकू म्हणाल्या. असतं, एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरवर आर्सेनिकचं इंजेक्शन देतात आणि त्यानं माणसं बरी होतात. पण ते हॉस्पिटलमध्ये, मोजून, हृदयाचे ठोके आणि रक्त सतत तपासत देतात.

## हे आपल्या किनाऱ्यालाही लागू आहे

चायना ग्रास म्हणजे अगर-अगर हे लाल शेवाळापासूनच काढतात, पुण्याच्या घरांत पुडिंगला वर्षानुवर्षं वापरतात, त्याची काळजी करू नका, ते उकळून गाळून काढलेलं असतं आणि एका वेळी ग्रॅम-दोन ग्रॅम जातं.

मोठा प्रश्न पुढचा आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या मत्स्य संपदा योजनेत समुद्री शेवाळासाठी ६४० कोटी रुपये ठेवले होते, तमिळनाडूत मंडपमच्या बाजूला बायका शेवाळाची शेती करतात, आणि मालवण-रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यावर सरगॅसम वाढतंच, म्हणजे हिजिकीच्याच कुळातलं. आज त्यातलं बरंच खतासाठी आणि कारखान्यांसाठी जातं. उद्या कुणी कोकणातलं शेवाळ प्रोटीन पावडरीत घालून विकायला लागलं, तर तिथे नियम कोणता लावायचा? नुसत्या एकूण आर्सेनिकचा लावला तर चांगली नोरीसुद्धा नापास होईल आणि लोक वैतागून नियमच धाब्यावर बसवतील. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडनं ते नीट केलंय, शेवाळात फक्त मोकळ्या आर्सेनिकची मर्यादा, किलोला १ मिलिग्रॅम. त्यात नोरी आरामात पास होते आणि हिजिकी अडकते.

## टेस्ट करायची असेल तर

हल्ली हेल्थ पॅकेजमध्ये हेवी मेटल टेस्ट असते आणि रिपोर्टमध्ये आर्सेनिकसमोर लाल बाण येतो. आदल्या दिवशी सुशी किंवा सुरमईचं कालवण खाल्लं असेल तर तो बाण येणारच, कारण साधी लघवीची टेस्टही सगळी ६० माणसंच मोजते. टेस्टच्या आधी किमान तीन-चार दिवस मासे, कोळंबी, शेवाळ काही खायचं नाही, आणि तरी जास्त आलं तर मोकळं-बांधलेलं वेगळं करून देणारी टेस्ट मागायची. शेवाळ रोज खाणाऱ्यांनी डॉक्टरांना हे आधीच सांगून ठेवलं तर बरं, कारण शेवाळाचे ते तुकडे वेगळ्या टेस्टमध्येही मोकळ्या आर्सेनिकच्या तुकड्यांसारखेच दिसतात.

वहिनीनं रात्री पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवला. गिम, तेल, मीठ, एवढंच होतं. मी तिला कळवलं की गिम ठीक आहे, मिठाचा आकडा तेवढा बघ, एका बैठकीत तीन पाकिटं नकोत.